अमेरिकेतील मतमोजणीची रात्र

दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या एका बुधवारी आपल्याकडील पुष्कळ घरांत सकाळचा चहा गार होऊन जातो. अमेरिकेत तेव्हा मंगळवारची संध्याकाळ असते. पूर्व किनाऱ्यावरील मतदानकेंद्रे सात-आठच्या सुमारास बंद होऊ लागतात, तेव्हा आपल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच-साडेसहा झालेले असतात. कॅलिफोर्नियातील मतदान संपते तेव्हा आपले साडेनऊ. कोणाचा मुलगा न्यू जर्सीत असतो, कोणाची लेक कॅलिफोर्नियात नोकरी करीत असते, कोणाचे तिकडे कोणीच नसते, पण कुतूहल असते. अध्यक्ष कोण झाला हे सर्वांनाच हवे असते, आणि तेही कचेरीला निघण्यापूर्वी हवे असते.

या घाईविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे. कोणता पक्ष चांगला आणि कोणता उमेदवार लायक, हा आमचा विषय नाही. अटीतटीच्या निवडणुकीत निकाल 'कळतो' म्हणजे नेमके काय होते, तो आधी सांगता येतो काय, आणि येत असल्यास कितपत, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

प्रथम तेथील व्यवस्था थोडक्यात पाहू, कारण ती आपल्यासारखी नाही. आपल्याकडे निवडणूक आयोग नावाची एक संस्था मतदान घेते, मोजणी करविते आणि निकाल जाहीर करते. अमेरिकेत असे देशव्यापी मोजणी करणारे कोणीच नाही. पन्नास राज्ये आपापल्या कायद्यांप्रमाणे मतदान घेतात, आणि प्रत्यक्ष मोजणी बहुतेक ठिकाणी काउंटी नावाच्या, आपल्या जिल्ह्याशी तुलना करता येईल अशा, विभागात होते. अशा काउंट्या तीन हजारांहून अधिक आहेत. शिवाय मतदार अध्यक्षाला थेट निवडीत नाहीत. ते निर्वाचक निवडतात. निर्वाचकांची एकूण संख्या ५३८. ज्याला २७० मिळाले तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर इतरत्र ज्याला एका मताने का होईना अधिक मते पडतील, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक मिळतात. म्हणून देशभरात मागे पडलेला उमेदवार अध्यक्ष होऊ शकतो, आणि २००० व २०१६ साली तसे झालेही.

आता त्या रात्री दूरचित्रवाणीवर 'अमुक राज्य अमक्याला' असे जे पुकारले जाते, ते कोण पुकारतो? वृत्तसंस्था आणि वाहिन्या. असोसिएटेड प्रेस ही संस्था १८४८ सालापासून अध्यक्षीय निवडणुकीची मते गोळा करीत आली आहे. सरकारी निकाल आठवड्यांनी येतो, निर्वाचक डिसेंबरात मते देतात, आणि ती मते काँग्रेससमोर उघडली जातात ती ६ जानेवारीला. त्या रात्री जे ऐकू येते ते कायद्याने पाहिले तर केवळ जाणत्या माणसांचे अनुमान असते. बहुतेक वेळा ते बरोबर ठरते, म्हणून लोक त्यालाच निकाल समजतात. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

अनुमानाची सुरुवात मात्र मतदानाच्या पुष्कळ आधी होते. शितावरून भाताची परीक्षा करावी, ही आपल्या घरातली रीत. जनमत अजमावणारे दुसरे काही करीत नाहीत. परंतु स्वयंपाक करणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते. भात खाली लागला असेल आणि वर कच्चा असेल, तर वरचे एक शीत चेपून काही कळत नाही. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने जवळजवळ एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या आणि त्यांतल्या तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. एवढा प्रचंड नमुना! त्यावरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन निवडून येणार म्हणून सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. लँडन यांच्या पदरी मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्ये व आठ निर्वाचक पडले. चूक कोठे झाली? नावे काढली होती टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून. मंदीच्या त्या वर्षांत ज्याच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार, तो साऱ्या देशाचा प्रतिनिधी कसा ठरणार? शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांतही फरक असतोच. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण काळजीने निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट येणार हे सांगितले होते. डायजेस्टचा कौल कोठे चुकणार, हेही आधीच सांगून ठेवले होते.

तेच गॅलप बारा वर्षांनी पडले. १९४८ साली त्यांच्या आकड्यांत ड्यूई यांना साडेएकोणपन्नास टक्के आणि ट्रूमन यांना साडेचव्वेचाळीस टक्के मते होती. ऑक्टोबरच्या मध्याला त्यांनी विचारणा थांबविली. एवढे अंतर असताना आता आणखी काय विचारावयाचे, असा हिशेब. मतदारांनी मात्र आपले विचार थांबविले नव्हते. ट्रूमन यांना ४९.६ टक्के आणि ड्यूई यांना ४५.१ टक्के मते पडली. मुद्रणकामगारांच्या संपामुळे 'शिकागो डेली ट्रिब्यून'ला अंक लवकर छापावयास द्यावा लागला होता. त्यांनी ड्यूईंच्या विजयाचा मथळा छापून टाकला, आणि सेंट लुईसच्या स्टेशनावर तो अंक उंच धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्र जगभर गेले.

येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. हजार माणसांना नीट निवडून विचारले, तरी येणाऱ्या टक्केवारीत तीन टक्के इकडे-तिकडे होणे हे निव्वळ योगायोगाचे काम आहे. दोन उमेदवारांमधील अंतर पाहू लागलो की ही अनिश्चितता जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा एकाला ५१ आणि दुसऱ्याला ४९ अशी बातमी आली, तर तिचा प्रामाणिक अर्थ एवढाच की, कोण पुढे आहे हे या चाचणीला ठाऊक नाही. वर्तमानपत्र मथळा देते तो मात्र 'अमुक आघाडीवर'. 'ठाऊक नाही' या मथळ्याचा अंक कोण विकत घेणार, हेही खरेच.

दहा चाचण्या घेऊन सरासरी काढली म्हणजे ही चूक जाते काय? योगायोगाची चूक कमी होते. सर्वांनी मिळून केलेली चूक जात नाही. २०१६ साली राज्याराज्यांतील बऱ्याच चाचण्यांत महाविद्यालयीन शिक्षण झालेले लोक प्रमाणाबाहेर आले होते, कारण असे लोक उत्तरे देण्यास अधिक तयार असतात. आणि त्या वर्षी शिक्षणाप्रमाणे मते फार फाकली. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या शेजारधर्मी राज्यांत चूक एकाच दिशेने झाली. तीन राज्यांतील ट्रंप यांचे मताधिक्य एकत्र केले तरी ते ७८ हजारांच्या आत होते, आणि अध्यक्षपद त्यावर ठरले. देशभर मात्र हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त पडली होती. त्या निवडणुकीआधी काही भाकितकारांनी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ९८-९९ टक्के सांगितली होती. 'फाइव्ह थर्टी एट' या भाकितकारांच्या गटाने ती ७१ टक्के धरली, म्हणजे ट्रंप यांच्या वाट्याला २९ ठेवले. निकालानंतर लोकांनी दोघांनाही एकाच माळेचे मणी ठरविले. आम्हांस हे अन्यायाचे वाटते. दहांपैकी तीन वेळा घडणारी गोष्ट घडली तर सांगणारा खोटा ठरत नाही. आपल्याकडे वेधशाळेच्या पावसाच्या अंदाजाची जी थट्टा होते, तीतही हाच प्रकार असतो.

याची दुसरी बाजू २०२४ साली दिसली. चाचण्या सांगत होत्या की सातही अटीतटीच्या राज्यांत दोघे बरोबरीत आहेत. लोक म्हणाले, आता आठवडाभर निकाल लागत नाही. पण बरोबरीची सात राज्ये म्हणजे वेगवेगळी उडविलेली सात नाणी नव्हेत. वारा एका बाजूने थोडासा वाहिला की सातही तिकडेच पडतात. तशी ती पडली. ट्रंप यांना ३१२ निर्वाचक मिळाले, आणि आपल्याकडे बुधवारी दुपारी चारच्या सुमारास सारे आटोपले होते.

आता मोजणीच्या रात्रीकडे वळू. मते पडून गेली आहेत, काय व्हावयाचे ते होऊन गेले आहे. उमेदवार 'पुढे जातो', 'मागे पडतो', 'मुसंडी मारतो' ही सगळी भाषा घोड्यांच्या शर्यतीची आहे, आणि ती येथे फसविते. येथे कोणीच धावत नसते. पेट्या ज्या क्रमाने उघडतात त्या क्रमाने आकडे बाहेर पडतात. ज्वारीच्या पोत्यात वरच्या थरात चांगले दाणे आणि तळाशी खडे असले, तर उपसताना माल 'बिघडत गेला' असे कोणी म्हणत नाही. मतांच्या बाबतीत मात्र तसे म्हटले जाते.

हा क्रम ओळखता आला तर थोड्या मतांवरूनही पुष्कळ कळू शकते. १९५२ साली सीबीएस या वाहिनीने युनिव्हॅक हे खोलीभर मोठे गणकयंत्र कामाला लावले. थोडी मते येताच, त्याच भागांतील मागील निवडणुकांच्या आकड्यांशी ती ताडून यंत्राने सांगितले की, आयझेनहॉवर ४३८ निर्वाचक घेऊन येणार. सगळे तर चुरस होणार म्हणून बसलेले! वाहिनीवाल्यांचा विश्वास बसेना; आकडा दाबून ठेवला, यंत्राचे गणित जरा सौम्य करून घेतले. शेवटी आयझेनहॉवर यांना ४४२ मिळाले, आणि वाहिनीला प्रेक्षकांपुढे कबुली द्यावी लागली. यंत्राने जादू केली नव्हती. 'या गावात गेल्या खेपेस किती होती, आणि आता किती आहेत?' एवढाच प्रश्न त्याने शेकडो ठिकाणी विचारला. आजही जाणकार हेच करतात. मोठी बेरीज ते शेवटी पाहतात.

घरी बसलेल्या माणसालाही हा हिशेब जमण्यासारखा आहे. समजा, एका राज्यात दहा लाख मते आहेत, आठ लाख मोजून झाली आणि अ हा ६० हजारांनी पुढे आहे. उरली दोन लाख. ब ला बरोबरी साधावयाची तर त्यांतली एक लाख तीस हजार, म्हणजे ६५ टक्के, मिळाली पाहिजेत. ही दोन लाख सर्व राज्यात विखुरलेली असतील तर अ ने पेढे वाटावेत. पण ती एकाच मोठ्या शहरातील असतील आणि ते शहर ब ला नेहमी ७५ टक्के देत असेल, तर वस्तुतः ब जिंकलेला आहे. ते पडद्यावर दिसावयाचे राहिले आहे, इतकेच. किती मोजली यापेक्षा कोणाची मोजावयाची राहिली, हा प्रश्न मोठा.

या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणजे काय होते, ते फ्लोरिडाने २००० साली दाखविले. त्या राज्याच्या २५ निर्वाचकांवर बुश आणि गोर यांचा सारा निकाल अडला होता. वाहिन्यांनी खर्च वाचविण्यासाठी आकडे गोळा करणारी एकच सामाईक संस्था ठेवली होती, त्यामुळे आकडा चुकला की सर्वांचाच एकदम चुके. संध्याकाळी आठ वाजण्याच्या आतच त्यांनी राज्य गोर यांना देऊन टाकले. फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असते, तेथे अजून मतदान चालू होते! दहाच्या सुमारास घोषणा मागे घेतली. उत्तररात्री सव्वादोनला एका वाहिनीने राज्य बुश यांना दिले आणि चार मिनिटांत बाकीच्यांनी री ओढली. असोसिएटेड प्रेस मात्र थांबून राहिली. झाले होते असे की, व्होल्युशिया काउंटीच्या आकड्यांत गोर यांच्या नावावर उणे सोळा हजारांहून अधिक मते चढली होती. शून्याखाली मते! शिवाय उरलेली मते होती त्याहून कमी धरली गेली. गोर यांनी दूरध्वनी करून बुश यांचे अभिनंदन केले. पराभव मान्य करण्याचे भाषण करावयास ते मोटारीतून निघालेही होते. वाटेत निरोप आला की अंतर झपाट्याने घटत आहे. त्यांनी पुन्हा दूरध्वनी करून अभिनंदन परत घेतले. चारच्या सुमारास वाहिन्यांनीही आपला शब्द फिरविला. आम्हांस तो दिवस चांगला आठवतो. दुपारी जेवताना लागलेला निकाल चहाच्या वेळेपर्यंत नाहीसा झाला होता.

पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. यंत्रांनी पुन्हा मोजल्यावर हे अंतर ३२७ झाले, आणि अखेर सुमारे साठ लाख मतांत ५३७ मतांचे अधिक्य नोंदले गेले. अनेक काउंट्यांत मतपत्रिकेला भोक पाडून मत द्यावयाचे होते. कोठे टिकली पूर्ण पडली होती, कोठे एका कोपऱ्याने लोंबत होती, कोठे नुसता खळगा उमटला होता. कोणते मत धरावे? सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार अशा मतांनी फेरमोजणी बंद पाडली, आणि दुसऱ्या दिवशी गोर यांनी पराभव मान्य केला. पुढे वृत्तपत्रांनी एकत्र येऊन वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितली होती तेवढीच फेरमोजणी झाली असती तर बुश राहिले असते. साऱ्या राज्यातील सर्व वादग्रस्त पत्रिका धरल्या असत्या तर गोर किंचित वर आले असते. लाकडाच्या वखारीतील काट्यावर सोने तोलण्याचा प्रसंग होता हा. कोणाचे पारडे खाली गेले, हे त्या काट्याला सांगता येत नव्हते.

घोषणेच्या घाईचा आणखी एक दोष १९८० साली दिसून आला होता. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारून केलेल्या चाचणीवरून, म्हणजे एक्झिट पोलवरून, एका वाहिनीने पूर्वेकडील सव्वाआठलाच रेगन यांचा विजय सांगितला. कार्टर यांनी दहाच्या आत पराभव मान्य केला. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा लोक अजून मतदानाला निघत होते. आपल्याकडे २००९ साली कायद्यात १२६-अ हे कलम घालून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यास बंदी केली, ती आम्हांस योग्य वाटते. आपले मतदान तर आठवडेच्या आठवडे चालते.

परंतु या सर्वांहून गंभीर प्रसंग २०२० चा. साथीमुळे त्या वर्षी टपालाने मतदान फार झाले. ट्रंप यांनी आपल्या अनुयायांना टपालावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितले होते. म्हणून टपालाची मते बहुतांशी बायडन यांची असणार, हे उघड होते. फ्लोरिडात टपालाची पाकिटे आधीच उघडून तयार ठेवण्याची मुभा होती, आणि तेथील निकाल त्याच रात्री लागला. पेनसिल्व्हेनियात मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत पाकीट उघडण्यास मनाई होती. अशी पाकिटे सुमारे सव्वीस लाख. साहजिकच आधी केंद्रांवरील मते मोजून झाली, आणि बुधवारी सकाळी ट्रंप जवळजवळ सात लाखांनी पुढे दिसले. मग टपाल उघडू लागले. त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश मते बायडन यांची निघाली, आणि शेवटी ते ८० हजारांनी ते राज्य जिंकले. असे होणार, हे जाणकारांनी आठवडे आधी लिहून ठेवले होते. उलट अॅरिझोनात उशिरा मोजलेल्या मतांनी बायडन यांची आघाडी घटत गेली. तेथेही क्रमाचाच प्रश्न होता, फक्त क्रम उलटा होता.

हे ज्याला कोणी समजावून सांगितले नव्हते, त्याने काय पाहिले? रात्री निजताना आपला माणूस लाखांनी पुढे होता. दोन दिवसांनी तो मागे पडला. आणि त्याच रात्री खुद्द उमेदवाराने आपण जिंकलो असून मोजणी थांबवा, असे जाहीर केलेले. जॉर्जियात सर्व मते हातांनी पुन्हा मोजली, निकाल तोच राहिला. साठाहून अधिक दावे न्यायालयांत टिकले नाहीत. तरी मनातली गाठ सुटली नाही, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदभवनात शिरला. मोजणीच्या क्रमासारखी रुक्ष बाब समजून घेण्यासाठी आम्ही आपला एवढा वेळ घेतला, तो यासाठी. पाकिटे सोमवारी उघडावीत की मंगळवारी, हा कारकुनी वाटणारा प्रश्न. त्याच्या उत्तरावर पुष्कळ माणसांचा आपल्या राज्यव्यवस्थेवरील विश्वास लटकला.

त्या वेळी पराभूत पक्षाच्या वकिलांनी एक जुना दाखला पुढे केला होता, तो सांगून आमचे बोलणे पुरे करतो. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्यात देशभर सव्वा लाखाहूनही कमी मतांचे अंतर होते. हवाईत तर पहिल्या मोजणीत निक्सन सुमारे १४० मतांनी पुढे होते, आणि तसे प्रमाणपत्रही दिले गेले. न्यायालयाने फेरमोजणीचा हुकूम केला. ती चालू असतानाच डिसेंबरातील ठरलेला दिवस आला, तेव्हा दोन्ही पक्षांच्या तीन-तीन निर्वाचकांनी आपापली मते देऊन कागद रवाना केले. फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले, आणि राज्यपालांनी नव्या प्रमाणपत्रावर सही केली. ६ जानेवारी १९६१ रोजी काँग्रेससमोर हवाईचे कागद उघडले गेले, तेव्हा उपाध्यक्ष या नात्याने अध्यक्षस्थानी बसले होते स्वतः निक्सन. त्यांनी सगळे कागद वाचून दाखविले, यापुढे हा पायंडा समजू नये असे सांगितले, कोणाची हरकत आहे काय म्हणून विचारले, आणि हवाईची तीन मते केनेडी यांच्या नावावर मांडावयास सांगितली.